बाकावरचे हृदयतज्ज्ञ

दुकानासमोर बाक ठेवला की गिऱ्हाईक कमी आणि किस्से जास्त जमतात. हिंगणघाटच्या बाजारात आमचं भांड्यांचं दुकान आहे. बाक आमच्या ह्यांनी हौसेनं ठेवला. त्यावर दोन माणसं रोज हजर: कापसाची दलाली करणारे दिनकरभाऊ आणि रिटायर झालेले गुरुजी. ह्यांच्या हृदयाचे ठोके बिघडले आणि त्या बाकाचा दवाखाना झाला. फी नाही, अपॉइंटमेंट नाही, अक्कल तर नाहीच.

*

पहिल्यांदा धडधड झाली तेव्हा हे हातातलं पातेलं काउंटरवर ठेवून मटकन खाली बसले. मी नाडी पाहिली तर तिला ना ताल ना तंत्र. दिनकरभाऊ बाकावरून न उठताच म्हणाले, "गॅस आहे, वहिनी. जिऱ्याचं पानी द्या."

दिनकरभाऊंच्या मते जगात आजार दोनच, गॅस आणि नजर. हे वर्षभर जिऱ्याचं पाणी प्यायले. डब्यातले जिरे संपत गेले, धडधड काही संपली नाही.

*

शेवटी मीच ह्यांना नागपूरला नेलं. दिनकरभाऊ सोबत म्हणून गाडीत बसलेच. डॉक्टरांनी नीट समजावलं. ठोके असे वेडेवाकडे पडले की हृदयात रक्ताची गुठळी होते, ती मेंदूत गेली तर लकवा. म्हणून चुकीचे इशारे जिथून उठतात ती जागाच गोठवून टाकायची. जांघेतल्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत न्यायची, तिच्या टोकाचा फुगा त्या जागेवर टेकवायचा आणि गॅस सोडून थंड करायचा.

पेशंट आमचे हे, आणि प्रश्न कोण विचारतंय? दिनकरभाऊ! दुखते काय? माणूस वाचते ना? आणि वर हे:

"डॉक्टरसाहेब, हृदय छातीत, अन् तुमी जांघेतून जाता? हिंगणघाटहून नागपूरले याले कोनी हैदराबादहून येते काय?"

डॉक्टर म्हणाले, "काका, हा रस्ता तिकडूनच सरळ आहे."

बाहेर आल्यावर दिनकरभाऊ मला म्हणतात, "पाह्यलं ना, वहिनी? शेवटी गॅसचंच काम निंगालं."

*

मग बाकावर खल झाला. गुरुजी म्हणाले, "हृदय गोठवलं तं मानूस थंडा पडते. मंग माया राह्यते काय त्याच्यात?" जन्मभर पोरांना विज्ञान शिकवलेला माणूस हा. त्या पोरांचं काय झालं असेल, देव जाणे.

आमचे हे नंदीबैलासारखे मान डोलवत होते. म्हणाले, "दिवाळीनंतर पाहू. लग्नाचा सीझन आहे, दुकान कोन पाहीन?"

मी म्हटलं, "ठीक आहे. गुठळीला निरोप धाडा, दिवाळीनंतर ये म्हणावं."

दुसऱ्या दिवशी मी तारीख घेतली.

*

फुग्याचं काम व्यवस्थित पार पडलं. पाय अजिबात वाकवायचा नाही, शिरेतून रक्त येईल, असं नर्स बजावून गेली. तिची पाठ वळते न वळते तोच दिनकरभाऊ तर्री-पोह्याचा डबा घेऊन आत. "चाल वासू, खाली चहा घेऊन येऊ. पाय मोकये होतीन."

आणि आमचे हे खरंच उठायला लागले! मी दोन्ही हातांनी तो पाय गादीवर दाबून धरला. तेवढ्यात नर्स परत आली. दिनकरभाऊ तिला कौतुकानं सांगतात, "पाहा बाई, लग्नाले इतके वर्सं झाले, तरी वहिनी पाय दाबून देऊन राह्यली."

*

घरी आणलं तेव्हा मे महिना. गुरुजी भेटायला आले आणि आल्या आल्या त्यांनी कूलर बंद केला. "आतून थंडा केला आहे त्याले. वरून हवा लागली तं सर्दी धरन." वर्ध्याकडचा मे आणि कूलर बंद! आम्ही तिघं घामानं निथळत बसलो. तासाभरात चक्कर येऊन पडलं कोण? गुरुजी. त्यांच्या नाकाला कांदा लावायला पेशंटच उठला.

*

पुढच्या महिन्यात एकदा दहा मिनिटं धडधड परत आली. सुरुवातीचे काही महिने असं होऊ शकतं, गोळ्या मात्र सोडायच्या नाहीत, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. पण बाकानं निकाल दिला, फेल! दिनकरभाऊ म्हणाले, "कायले खातं त्या रक्त पातय करायच्या गोया? सोडून दे."

ह्यांनी सोडल्या. मला न सांगता. गोळ्यांचं पाकीट भरलेलं दिसलं तेव्हा मी भीतीनं रडले, आणि मग इतकी चिडले की काय सांगू. गोळी माझ्यासमोर गिळायला लावली आणि बाक उचलून गोदामात टाकला. त्या जागी कळश्या मांडल्या. पहिल्याच दिवशी दोन विकल्या गेल्या.

*

आता हे ठणठणीत आहेत. गेल्या आठवड्यात हे जेवायला घरी गेले होते आणि भरदुपारी दिनकरभाऊ एकटेच दुकानात आले. कुकर दाखवा म्हणाले. मी तीन कुकर दाखवले. त्यांनी एकाचंही झाकण उघडलं नाही. मग हळूच हात काउंटरवर उताणा ठेवला.

"जरा पाहा बरं, वहिनी. तुमाले समजते आता."

मी मनगट धरलं. ना ताल ना तंत्र.

"कधीपासून?"

"वासूच्याही पह्यलेपासून."

"आणि आम्हाला गॅस सांगत होतात?"

त्यांनी कळश्यांकडे बोट दाखवलं. मग म्हणाले, "बाक बाहेर ठेवा ना, वहिनी. उभं राहवत नाई."