दगडाचं छप्पर

इंझोरीचे पुंजाजी पाथरवट १९१५ साली फौजेतून विलायतेला पोचले, ते जखमी पाय घेऊन. दवाखान्यातून जरा हिंडायची मुभा मिळाली, तेव्हा जवळच्या खेड्यात त्यांना एक जुनं दगडी घर दिसलं आणि ते जागीच थांबले. भिंती तर दगडाच्या होत्याच, पण छप्परही दगडाचं! वळचणीला चांगल्या पाटाएवढ्या फरश्या, वर जावं तशा त्या लहान होत गेलेल्या, आणि आढ्याजवळ तर तळहाताएवढ्या.

घराच्या म्हाताऱ्या मालकानं त्यांची नजर ओळखली आणि हाताला धरून त्यांना माळ्यावर नेलं. तिथं प्रत्येक फरशी लाकडाच्या एकेका खुंटीवर टांगलेली होती. लोखंडी खिळा औषधालाही नव्हता. म्हाताऱ्यानं बोटांवर मोजून सांगितलं, तीनशे वर्षं झाली. पुंजाजींनी त्या न पाहिलेल्या कारागिराला तिथंच हात जोडले.

गावी परतल्यावर त्यांनी हे बायकोला सांगितलं. आवडाबाई म्हणाली, "दगडाचं छप्पर? डोक्यावर नाई पडत?"

"मले बी आधी तसंच वाटलं होतं," पुंजाजी म्हणाले आणि अंगणातल्या मातीत काडीनं ते घर काढू लागले. आवडाबाई चूल सोडून बघत बसली.