स्लॅबची खालची बाजू

मुलींचं जुनं वसतिगृह पाडायचं ठरलं तेव्हा मी तिथे फक्त पाहणीला गेले होते. रस्ता रुंद होणार होता आणि इमारत आडवी येत होती. पाडणाऱ्याचा बेत सरळ होता. पोकलेन लावायचा, दोन दिवसांत भुगा करायचा आणि सगळा मलबा नाल्याच्या काठाला नेऊन ओतायचा. मी जिना चढून वर गेले, गच्चीवर हातोडी मारली आणि कान देऊन ऐकलं. आवाज खणखणीत होता. एवढं चांगलं काँक्रीट नाल्यात टाकायचं, हे मनाला पटेना.

मी जळगावात स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. तेव्हा पिंप्राळ्यात आमच्या वस्तीतल्या बुद्धविहाराशेजारी मुलांसाठी अभ्यासिका उभी राहत होती. भिंती झाल्या होत्या, छप्पर व्हायचं होतं. माझ्या डोक्यात आलं की वसतिगृहाचे स्लॅब फोडण्याऐवजी कापून काढावेत. दहा फूट लांब, तीन फूट रुंद अशा अठरा लाद्या निघतील. त्या उचलून अभ्यासिकेच्या भिंतींवर ठेवायच्या. बाकीचं काँक्रीट दळून खडी करायची आणि अंगणाच्या फरसबंदीखाली घालायची.

अभ्यासिकेच्या समितीवर एक अक्का होत्या. सिव्हिल हॉस्पिटलमधून निवृत्त झालेल्या परिचारिका. त्यांच्यापुढे सगळी वस्ती आवाज खाली ठेवून बोलायची. माझं सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "दुसऱ्यांनी वापरून टाकलेलं आपल्याच पोरांच्या डोक्यावर का?"

मी त्याच वस्तीत वाढले होते. हा प्रश्न किती लांबून येतोय ते मला समजत होतं.

"हे टाकलेलं नाही, अक्का," मी म्हणाले. "काँक्रीट जुनं झालं म्हणून लगेच वाईट होत नाही. या सिमेंटसाठी एकदा डोंगर फुटलाय, भट्टी पेटलीय. धड आहे ते फोडून फेकायचं आणि पुन्हा नवा डोंगर फोडायचा, यात कसली शान? माझ्या स्वतःच्या घरावरही हेच घालीन."

"खात्री देतेस?"

"देते."

"लिहून?"

"लिहून."

मी लिहून दिलं.

कापणं आठवडाभर चाललं. कटरचं पातं काँक्रीटमध्ये शिरलं की दात शिवशिवायचे, पांढरा चिखल वाहायचा. एकेक लादी जवळपास टनभर वजनाची. क्रेनने उतरवून, ट्रकने पिंप्राळ्याला आणून आम्ही त्या लाकडी ओंडक्यांवर रचल्या. मी प्रत्येकीवर खडूने नंबर घातला आणि ती कुठल्या खोलीची हेही लिहिलं. ताकद मोजायची हातोडी प्रत्येक लादीवर चालवली, आतली सळई शोधायचं यंत्र नाशिकहून मागवून फिरवलं. आकडे उत्तम आले.

त्याच सुमाराला माझे वडील डोळे तपासायला जळगावला आले. मी त्यांना आबा म्हणते. काम सुटल्यावर ते शिंदखेडा तालुक्यातल्या आमच्या गावी परतले. त्यांचं सारं आयुष्य सेंट्रिंगच्या कामात गेलं, म्हणजे स्लॅबखाली फळ्या आणि टेकू लावायचे, वर काँक्रीट भरायचं. लेक इंजिनिअर झाली याचा त्यांना फार अभिमान. दवाखान्यातून परतताना मी मुद्दाम त्यांना कामावर नेलं. कौतुक ऐकायचं होतं मला.

लाद्यांच्या थप्प्यांकडे बघत त्यांनी विचारलं, "हाई कोठलं शे?"

मी वसतिगृहाचं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. मग ते एकेका लादीजवळ जाऊन माझी खडूची अक्षरं वाचू लागले. पूर्वेकडच्या कोपऱ्याच्या खोलीपाशी, अकरा ते चौदा नंबरांपाशी, थांबले.

"ह्या चार वापरू नको."

"का?"

"मी सांगस ना, नको."

घरी आल्यावर मी पुन्हा विचारलं. ते जेवले नाहीत. म्हणाले, डोळ्यात औषध घातलंय, पडू दे. दुसऱ्या दिवशीही तेच. मी चिडले. "आबा, मी सही केली आहे. नको म्हणायला काहीतरी कारण लागतं. अहवालात काय लिहू, माझे वडील नको म्हणाले?" त्यांनी औषधाची बाटली घेतली आणि डोळ्यांत थेंब घालत बसले. मला वाटलं, वय झालंय, जुन्या माणसाला हे नवीन पटत नाही. तसं ठरवून टाकणं मला सोयीचंही होतं.

लाद्या चढवायचा दिवस आला. क्रेन सकाळीच लागली. अक्का खुर्ची टाकून बसल्या होत्या, वस्तीतले लोक दोरीपलीकडे उभे होते. दहा लाद्या नीट बसल्या. अकरावीला पट्टे अडकवले, क्रेनने ती हातभर उचलली, आणि आबा दोरीखालून आत शिरले. मी घरी बसा म्हणून बजावून आले होते. ते रिक्षा करून आले होते.

ते भिंतीच्या अगदी खाली, जिथे लादी जाणार होती तिथे, जाऊन उभे राहिले.

"आबा, बाजूला व्हा!" मी ओरडले. क्रेनवाल्याने क्रेन थांबवली. लादी हवेत हळूहळू फिरत होती.

"खाले ठेव ती," आबा म्हणाले.

"कारण सांगा, मग ठेवते."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. अक्कांकडे बघितलं.

"तो स्लॅब मीच भरेल शे. माले म्हाईत शे त्याना पोटमा काय शे."

लादी पुन्हा ओंडक्यांवर ठेवली गेली. आबांनी सगळं उभ्यानेच सांगितलं. तेव्हा ते तरुण होते, मिस्त्री म्हणून पहिलंच मोठं काम. कोपऱ्याच्या खोलीचं काँक्रीट भरताना ते हलवून घट्ट बसवणारा व्हायब्रेटर बंद पडला. ठेकेदार निघून गेलेला, माल कालवून तयार. त्यांनी काठीने ठोसून ठोसून भरला. पुढे फळ्या काढल्या तर खालून नुसती खडी दिसत होती, मधे मोकळी भोकं, सळया उघड्या. कुणी बघायच्या आत त्यांनी प्लास्टर चढवून सगळं गुळगुळीत केलं.

"कोनलेच सांगं नही," ते म्हणाले. मग थांबत थांबत बोलले. त्या खोलीत पोरी झोपायच्या. ते गावी परतले तरी पेपर आला की आधी जळगावची पानं बघायचे, कुठला स्लॅब पडला का म्हणून. इतकी वर्षं.

मी छिन्नी-हातोडी घेतली आणि लादीच्या कडेखाली आडवी झाले. ओंडके भक्कम आहेत ना ते आधी दोनदा तपासलं होतं. प्लास्टरचा पहिला पोपडा निघाला तोच मागून खडी माझ्या हातात आली. बोटांनी उकरता येत होती. सळईला गंजाचे पापुद्रे सुटले होते.

चूक आबांची होती, पण तेवढीच नव्हती. मी हातोडी चालवली ती सगळी वरच्या बाजूने. खाली प्लास्टर होतं, ते काढायला वेळ लागणार होता, आणि वरचे आकडे इतके छान येत होते. सही माझी होती.

अक्का उठून आल्या. वाकल्या, ती खडी हातात घेतली, चुरून बघितली. मला वाटलं, आता सगळं संपलं. आबांना काय काय ऐकावं लागेल आणि मला काय, याची मी मनातल्या मनात तयारी केली.

"बाकीच्या?" त्यांनी मला विचारलं.

"माहीत नाही," मी म्हणाले.

"मग सगळ्या पालथ्या कर. चढवलेल्यासुद्धा. प्लास्टर खरवडून काढ. आम्ही बघू, मग बोलू."

तीन दिवस लागले. एकेक लादी उलटी करायची, खरवडायची, ठोकायची. वस्तीतल्या बायका येऊन बघून जायच्या, बोट लावून बघायच्या. मी लाजेने मान वर करत नव्हते. पंधरावीला थोडी भेग दिसली तेव्हा मी छिन्नीने ती शेवटपर्यंत उकरली. ती भेग फक्त प्लास्टरची निघाली. शेवटी चार सोडून चौदा लाद्या धड निघाल्या.

तरीही मी परीक्षा घेतली. लाद्या भिंतींवर बसवून वर पाण्याचे पिंप मांडले, मुलं, टेबलं, पुस्तकं यांचं जितकं वजन होईल त्याहून जास्त. खाली कुणाला जाऊ द्यायचं नाही असं सांगून दार बंद केलं. लादी किती वाकते ते दाखवणारं घड्याळ खिडकीबाहेरून दुर्बिणीने वाचायचं. चोवीस तास भार ठेवायचा, मग उतरवायचा आणि लादी पुन्हा वर येते का बघायचं. काटा सरकला की मी आकडा वहीत उतरवायचे. दुसऱ्या दिवशी दुपारी पिंप रिकामे केले. काटा जवळपास होता तिथे परत आला. अक्कांनी मला तो आकडा तीन वेळा वाचायला लावला.

खराब चार लाद्या आम्ही फोडल्या. त्यांची खडी दळून, चाळून फरसबंदीखाली घातली. चार नव्या लाद्या अभ्यासिकेशेजारीच जमिनीवर साच्यात ओतायच्या ठरल्या. जुन्या इमारतीच्या चांगल्या भागाची थोडी खडी त्यात मिसळली. आबा तोवर गावी गेले होते. बसस्टँडवर मी त्यांच्या हातात डोळ्यांचं औषध दिलं आणि परत फिरले.

अक्कांनी स्वतः त्यांना फोन केला. काय बोलल्या ते मला दोघांनीही सांगितलं नाही. आबा आले. नव्या लाद्या भरताना व्हायब्रेटर त्यांनी कुणाच्याही हातात दिला नाही. एक खराब झाला तर म्हणून दुसरा आणून ठेवायला लावला.

पुरेसे दिवस पाणी मारून झाल्यावर क्रेनने पहिली नवी लादी तिरकी उभी केली. आबा बाजूने गेले, आपले अधू डोळे अगदी जवळ नेऊन खालची बाजू बघत राहिले. हात फिरवला. बराच वेळ.

"ये," शेवटी ते म्हणाले, "तू बी दख."

मी जाऊन बघितलं. नीट बघितलं, टोकापासून टोकापर्यंत, ठोकून. मगच क्रेनवाल्याला हात दाखवला.

अभ्यासिका सुरू झाली. माझ्या अहवालात आधीच्या तपासणीतली चूक माझ्या नावाने नोंदवली आहे, आणि समितीने तो दाराशेजारी फ्रेम करून लावला आहे. ते अक्कांचं म्हणणं होतं. वाचणाऱ्या पोरांना कळू दे, म्हणाल्या.