नईमभाऊनं घेतलेलं नाव

मूल गावच्या त्या दवाखान्यात नईमची खुर्ची औषधाच्या खिडकीला लागून. काम असं, की त्याच्या मोहल्ल्यातही कोणाला धड सांगता यायचं नाही. डॉक्टर केसपेपरवर आजार लिहीत. नईम एका जाड पुस्तकातून त्या आजाराचा नंबर शोधून संगणकात टाके, आणि त्या नंबरावर बिल बने. बिल कधी विमा कंपनीकडे जायचं, कधी गडचांदूरच्या कारखान्यात, कधी वनखात्यात. मलेरियाचा नंबर वेगळा, साप चावल्याचा वेगळा. नंबर चुकला की बिल परत, आणि पेशंट तिथंच भिंतीला टेकून. खेडोपाडी बांगड्या भरत फिरलेला त्याचा बाप अल्ताफ सांगत सुटे, "माहा पोट्टा लोकाइच्या दुखन्याले नंबर देते."

नईमची एक खोड होती. नंबर टाकायच्या आधी तो वॉर्डात जाऊन पेशंटला पाहून यायचा. कानाला पेन लावून खाटेशी उकिडवा बसायचा. कंपाउंडर टोमणा मारायचा, "नईमभाऊ, बिल बनवून राह्यला का सोयरीक जुळवून?"

"दोन्हीत मानूस पाहा लागते बापा," नईम म्हणायचा.

२००४ साली, मोह गळायच्या दिवसांत, जंगलाकडच्या एका गावाहून मुखरूला आणलं. डावी बाजू कपाळापासून कानापर्यंत फाटलेली, डोळा मिटलेला. सोबत बायको ठमाबाई. केसपेपरवर लिहिलं होतं, मोहाच्या झाडावरून पडला. झाडावरून पडल्याचा नंबर डब्ल्यू चौदा. नईमचं बोट बटणावर गेलं आणि थांबलं. मोहावर चढतं कोण? पहाटे खाली पडलेली फुलं वेचायची असतात. आणि त्याच फुलांसाठी आणखी कोण येतं, ते झाडीपट्टीतलं शेंबडं पोरही सांगेल.

तो खाटेशी जाऊन बसला. "ठमाबाई, मोहावर चढले होते का जी हे?"

"पडले म्हंजे पडले." तिनं पदर तोंडावर ओढला.

नईमला उमगलं. बापानं सांगितलं होतं, तिकडच्या गावात जखम वाळेपर्यंत त्या घरचं माणूस जनावराचं नाव तोंडातून काढत नाही. काढलं, की ते जनावर अर्धं राहिलेलं काम पुरं करायला परत येतो.

"मले समजलं," नईम हळूच म्हणाला. "पन डोरा वाचवाचा तं नागपूरले न्या लागते, उद्याच्या उद्या. जनावरानं फाडलं असन तं खर्च वनखातं करते. झाडावरून पडल्याचा कोन करन?"

ठमाबाईनं पदर बाजूला केला. "डोरा गेला तं एक डोरा जाईन. नाव घेतलं तं मानूस जाईन. तुमीच सांगा, काय ठेवू?"

नईम उठून डॉक्टर उर्वशीबाईंकडे गेला.

"जखम पंजाची आहे हे मलाही दिसतं," त्या म्हणाल्या. "पण किती वेळा विचारलं, दोघं एकच सांगतात. त्यांच्या तोंडात नाही ते मी कसं लिहू?"

खुर्चीवर बसून नंबर बदलायला क्षणही लागला नसता. पण कागदावर नाही तो नंबर नईमनं कधी टाकला नव्हता, आणि वनखात्यानं तो कागद फिरवून पाठवलाच असता. तो डॉक्टरीणबाईंना घेऊन परत वॉर्डात आला.

"ठमाबाई, नाव मी घेतो. तुमी फक्त मान हालवा. थो आला तं ज्यानं नाव घेतलं त्याच्या घरी येईन. पत्ता सांगून ठेवतो, मशिदीमागं, निंबाचं झाड हाये ते घर."

वॉर्ड हसला. ठमाबाई हसली नाही.

"लेकरं हायेत का तुमाले?"

"दोन हायेत."

"मंग नोको घेऊ, भाऊ."

"माह्या अमिनाले पाह्यलं नाई तुमी. थे दारात उभी राह्यली तं थोच पळून जाईन."

पट्टीखालून मुखरूला हसू फुटलं आणि त्या हसण्यानंच तो कळवळला. मग त्यानं हात उचलला. "घे."

नईम दारापाशी गेला, बाहेर तोंड केलं आणि म्हणाला, "अस्वल."

मुखरूनं मान हलवली. ठमाबाई उठली, तिनं नईमवरून हात ओवाळून कडाकडा बोटं मोडली, आणि मगच मान हलवली. डॉक्टरीणबाईंनी लिहून सही केली. नईमनं जनावरानं फाडल्याचा डब्ल्यू पंचावन्न टाकला. दुसऱ्या दिवशी जीप नागपूरला गेली.

डोळा राहिला. कान गेला.

त्यानंतर ठमाबाई दर बाजाराला खिडकीशी यायची. बिलाचं काही नसायचं. "आला तं नाई ना जी?"

"नाई आला."

घरी अमिना विचारायची, दिवस मावळत नाही तर मागच्या दाराला कडी कशापायी? नईम म्हणायचा, कुत्रे येतात.

दिवाळीच्या सुमाराला मुखरू स्वतः आला. अर्ध्या चेहऱ्याची कातडी चकचकीत, पण पुरी वाळलेली. रांग मोडून त्यानं खिडकीत तोंड घातलं आणि ओरडला, "अस्वल! अस्वल! अस्वल!"

एका म्हातारीच्या हातून औषधाची बाटली सुटली. मुखरू दात काढून म्हणाला, "आता तुमीबी खुशाल राहा, नईमभाऊ."

नईमनं घरी जाऊन मागच्या दाराची कडी काढली.

"आन् कुत्रे?" अमिनानं विचारलं.

"येऊ दे. हवा तं येईन."