पाणीमामांची भिंत

नवी भिंत दिसली की मामांचा प्रश्न ठरलेला: पाणी मारलं का? चाळीस वर्षं गवंडीकाम केलेल्या या माणसाला नाव होतं, पण ते कागदोपत्री; कामावर सगळे त्यांना पाणीमामाच म्हणत. ओलं ठेवलं नाही तर प्लास्टर तडकतं, हे ते हाताखालच्यांना इतक्यांदा ऐकवत की लोक पाठीमागे नकला करत. मामांना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

आणि अशा माणसाच्या घरातच भिंतीला बुरशी लागावी! पलीकडे शेजाऱ्यांची न्हाणी, अलीकडे मामींची खाट. मामींना दमा. बुरशी जाईपर्यंत औषधांचा काही उपयोग नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. मामांनी तीनदा भिंत खरवडली, चुना लावला. महिन्याभरात काळे ठिपके पुन्हा हजर. लोकांच्या शेकडो भिंती उभ्या केल्या आणि घरची एक आवरेना, याची त्यांना फार लाज वाटे.

शेवटी साइटवरच्या इंजिनिअरबाईंनी चाचणीसाठी आलेला बुरशीच्या औषधाचा एकुलता एक डबा दिला. नवं प्लास्टर पुरतं सुकू द्यायचं, मग वरून औषध मारायचं आणि पुढे आठ दिवस पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही, नाहीतर सगळं धुऊन जाईल, असं दोनदा बजावलं. मामांनी प्लास्टर पुरतं सुकू दिलं, मग औषध मारलं. प्लास्टर तर असं उतरलं की हात फिरवत बसावं.

औषध मारलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मामा उठले, बादली भरली आणि भिंतीला पाणी मारलं. तिसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशीही. चुकतंय हे मनाला शिवलंसुद्धा नाही. हात आपले सवयीने चालले होते. पाचव्या दिवशी इंजिनिअरबाईंनी सहज विचारलं, भिंत कोरडी आहे ना? मामांच्या हातातली थापी तशीच राहिली. दुसरा डबा मिळण्यासारखा नव्हता. कंपनीने ते औषध बनवणंच बंद केलं होतं.

महिन्याने ठिपके आले, नेमके उशीजवळ. मामांनी मामींपाशी सगळं कबूल केलं. मामी बराच वेळ खोकत राहिल्या.

“अहो, तुम्ही पाणी मारायचात तेव्हा मी जागीच असायचे,” त्या म्हणाल्या. “बरं वाटायचं. म्हटलं, इतकी वर्षं लोकांच्या भिंतींसाठी उठलात, आता माझ्यासाठी उठताय.”

मामांनी खाट भिंतीपासून लांब ओढली. ती वीतभर सरकली आणि समोरच्या कपाटाला टेकली.