बाभळीची धार

पाथर्डीच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागली, तेव्हा अण्णांनी माझ्या खांद्यावरची पिशवी पुन्हा एकदा चाचपून बघितली. कपड्यांची भलीमोठी बॅग कंडक्टरने डिकीत टाकली होती, तिच्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांचा सगळा जीव पिशवीत. आत जुन्या सतरंजीच्या तुकड्यात गुंडाळलेल्या, लाकूड कोरायच्या चार पटाश्या होत्या. "हत्यार मांडीवर ठिव. वर फळीवर टाकू नको," एवढंच म्हणाले. पोरगा न्यूझीलंडला चाललाय आणि बाप त्याला पटाश्या कुठं ठेवायच्या ते सांगतोय! आई पदर तोंडाला लावून ढसाढसा रडत होती, आणि अण्णा गाडीच्या चाकाकडे बघत उभे होते. त्यांना रडता यायचं नाही, रडू आलं की ते असं कशाकडे तरी बघत राहायचे.

आमच्या तालुक्यात घर सोडून जाण्याचं कुणाला नवल नाही. दसरा झाला की निम्मं गाव ऊसतोडीला जातं, आणि उन्हाळ्यात कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की माणसं भांडीकुंडी ट्रॅक्टरवर लादून परत येतात. जाणं म्हणजे येणं, असाच हिशेब. म्हणून शेजारची जनाकाकू स्टँडवर मला विचारायला लागली, "तुज्या तिकडचा पट्टा कवा पडतो रं?" सगळे हसले, मीही हसलो. तिकडे पट्टा पडत नाही, हे मला तेव्हा कुठं माहीत होतं?

या पटाश्या काही अशाच उचलून आणलेल्या नव्हत्या. अण्णा सुतार, मीही त्यांच्याच हाताखाली शिकलेला. निघण्याच्या आदल्या आठवड्यात अण्णा मला बाजारच्या दिवशी लोहाराकडे घेऊन गेले. तो मोडक्या जीपच्या स्प्रिंगच्या पाट्यांपासून पटाश्या घडवायचा, आणि पोत्यावर त्यांचा ढीग ओतलेला असायचा. अण्णा उकिडवे बसले ते सकाळ गेली तरी उठेनात. एकेक पटाशी उचलायची, पाठ फरशीवर टेकवायची आणि खालून उजेड दिसतो का ते बघायचं. उजेड दिसला म्हणजे पाठ वाकडी, ती बाजूला. मग नखाने टिचकी मारून कानाशी धरायची. बद्द वाजली तर आत चीर आहे. मग कानस फिरवायची: कानस रुतली तर पोलाद मऊ, काचेवरून घसरल्यासारखी घसरली तर ठिसूळ, थोडी अडून घसरली तर कामाची. लोहार वैतागून म्हणाला, "आण्णा, सोन्याच्या दुकानात एवढं बघत न्हाईत." अण्णा म्हणाले, "सोन्यानं भोक पडत न्हाई." घरी आल्यावर आईला हे सगळं सांगितलं तर ती ठसक्यात म्हणाली, "मला बघाया आले तवा पोहे खाल्ले आन उठले. पटाशीला मात्र दीस घालवला!"

मुठी त्यांनी स्वतः बसवल्या. मग धार लावली, दोन दिवस, दगडावर पाणी टाकून टाकून. ती बाभळीची धार होती. आमच्याकडे लाकूड म्हणजे बाभूळ, दुसरं उगवतंय काय त्या माळावर? गाडीचा आख, औताचं जू, बाज, सगळं बाभळीचं. वाळलेली बाभूळ दगडासारखी होते. तिला धार जाड, जरा उभी लागते, पातळ धार पहिल्या ठोक्याला उडते. पटाशी निवडणं म्हणजे निम्मं पोलाद बघणं आणि निम्मं लाकूड ओळखणं, असं अण्णा सांगायचे. लाकूड मात्र त्यांनी एकच ओळखलं होतं.

ऑकलंडच्या बाहेर एका गावात दारं-खिडक्या बनवायची शेड आहे, तिथं मला काम मिळालं. जेवणखाण, भाषा, थंडी याचं रडगाणं मी गात नाही, ते तुम्हाला सगळ्यांनी ऐकवलेलं आहे. माझं पहिलं रडू आलं ते पाइनच्या फळीवर. तिथं सगळं पाइन. इतकं मऊ की नखाचा वण उठतो. मी अण्णांची पटाशी लावली, मोगरीने ठोका दिला, आणि लाकूड कापलंच नाही, चेपलं. भोकाच्या कडेला दाताने चावल्यासारखी खूण. फोरमन ग्रॅहम भला माणूस. त्याने पटाशी हातात घेऊन पोलादाची तारीफ केली, आणि म्हणाला की ही धार इथं चालणार नाही, पातळ कर. मी जेवणाच्या सुट्टीत चारही पटाश्या घेऊन ग्राइंडरपाशी गेलो. यात गुन्हा काही नव्हता. अण्णा तिथं असते तर त्यांनीही तेच केलं असतं. पण दोन दिवस दगडावर घासून लावलेली बापाची धार ठिणग्या होऊन जाताना बघायला लागली.

पुढं मी तिकडचाच झालो. ट्रक घेतला, लग्न केलं, 'स्मोको' झाला, म्हणजे कामातली छोटी सुट्टी झाली, की चहा पिऊ लागलो. हत्यारांच्या दुकानात गेलो की पटाश्या पुठ्ठ्यावर प्लास्टिकमध्ये बंद टांगलेल्या. टिचकी मारायची सोय नाही, रुंदी मिलिमीटरमध्ये छापलेली, मूठ पिवळी. वाईट नव्हत्या, उगाच नावं कशाला ठेवू? पण निवडल्या असं कधी वाटलं नाही. घेतल्या.

मग आईला अर्धांगाचा झटका आला. नगरच्या दवाखान्यातून घरी आणल्यावर बहिणीने फोन केला. अण्णांची नजर साखरेच्या आजाराने तोवर पार गेली होती. त्यांनी फोन घेतला आणि म्हणाले, "येताना हत्यारं आन. तुज्या आईच्या बाजंचा पाय फुटलाय."

ती बाज अण्णांनी लग्नात स्वतः केलेली. आईला दवाखान्याच्या लोखंडी पलंगावर डोळ्याला डोळा लागला नव्हता, तिला तिची बाज हवी होती. पण दांडा जिथं पायात शिरतो तिथंच पाय चिरला होता. ती कूस बदलायची आणि बाज एका अंगाला कलायची. एक अंग आधीच गेलेलं, त्यात आपण पडतोय या भीतीने ती दचकून ओरडायची. खाली विटा लावून बघितल्या, सरकायच्या. जमिनीवर गादी घालू म्हटलं तर मान हलवायची. तिला नीट, न हालणारी तिची बाज द्यायची, माझ्या रजेत करण्यासारखं एवढं एकच काम होतं.

बाभळीचा एक जुना वासा अण्णांनी छपरात जपून ठेवला होता. त्यांची स्वतःची हत्यारं घरात नव्हती. डोळे गेले तशी त्यांनी ती भाच्याला देऊन टाकली, आमच्यात काम सुटलं की हत्यार चालत्या हातात देतात, पडून ठेवत नाहीत. भाचा पुण्याला स्क्रू मारून कपाटं जोडतो आणि हत्यारं तिकडेच. गावात दुसरा सुतार उरला नाही. तो लोहारही गेला. हार्डवेअरच्या दुकानातून नवी पटाशी आणली तर तिची धार बाभळीत चक्क वाकली.

मी त्या वाशातून नवा पाय कापला आणि दांड्यासाठी ड्रिलने भोक पाडलं. कोपरे चौकोनी करायला अण्णांनी दिलेली पटाशी लावली. अण्णा उंबऱ्यावर बसून ऐकत होते. पहिला ठोका बरा गेला. दुसऱ्याला 'टिक' असा बारीक आवाज झाला, आणि मी हात थांबवायच्या आत ते म्हणाले, "उडाली?"

"व्हय."

त्यांनी हात पुढे केला. अंगठा धारेवरून आडवा फिरवला, तुटलेल्या जागी थांबवला. "लई पातळ केलीस," म्हणाले. राग नव्हता त्यात. राग असता तर बरं झालं असतं.

"वेल्डिंगवाल्याकडं ग्राइंडर हाय, अण्णा. आत्ता जाड करून आनतो."

"आन तिकडं गेल्यावर?"

"पुन्हा पातळ करीन."

"पोलाद काय पुन्हा वाढतं व्हय?" त्यांनी पटाशीची लांबी बोटांनी मापली. ती आधीच बरीच आखूड झालेली. "ऱ्हाऊ दे. ज्या लाकडावर पोट हाय, त्याचीच धार ऱ्हाऊ दे. त्या वेल्डरला बलाव."

मी हट्ट केला, चिडलो, आईसाठी एक पटाशी गेली तर गेली म्हणालो. त्यांनी पटाशी सतरंजीच्या तुकड्यात गुंडाळली आणि मांडीखाली घेऊन बसले. आंधळ्या म्हाताऱ्याच्या मांडीखालून मी ती ओढून काढणार होतो का? परवा माझं विमान होतं. संध्याकाळी वेल्डर आला, त्याने फुटक्या पायाला दोन्हीकडून लोखंडी पट्ट्या लावून नटबोल्ट आवळले. बाज हालायची थांबली.

आईला वर निजवलं. तिने चांगला हात खाली सोडला, पायाला चाचपला आणि गार लोखंड लागल्यावर माझ्याकडे बघितलं. बोलणं जड झालं होतं तिचं, एकेक शब्द ढकलत म्हणाली, "दोन दोन सुतार घरात... आन बाज जोडली वेल्डरनं." तिचं अर्धं तोंड हसलं. अण्णाही हसले. मी परसात गेलो आणि पोटभर रडलो.

निघताना अण्णांनी पटाशी माझ्या पिशवीत परत घातली. त्यानंतर तिसऱ्या महिन्यात आई त्याच बाजेवर गेली. मला निघणं झालं नाही. बहिणीने मोबाईल धरला होता, त्यात मी आईचे पाय बघितले, आणि बाजेचा तो पट्ट्या मारलेला पाय. गावाकडच्यांनो, तुम्ही म्हणता आम्ही मजेत आहोत. मेलेल्या आईचं दर्शन फोनच्या पडद्यावर घेऊन बघा एकदा.

बहीण केडगावला राहते. ती अण्णांना नेते म्हणते, ते जात नाहीत. त्या बाजेवरच झोपतात. थंडीत लोखंड गार लागतं म्हणून पाय आखडून घेतात, असं ती सांगते.

यंदा मी दुकानात एक पटाशी घेतली. प्लास्टिक तिथंच फाडलं, पाठ काउंटरच्या काचेवर टेकवून उजेड बघितला, टिचकी मारली. दुकानातली पोरगी बघत राहिली. बघू दे. पिवळी मूठ काढून नवी बसवली, आणि तिला बाभळीची जाड धार लावली, दगडावर, हाताने. ग्रॅहमने उचलून बघितली आणि हिचं इथं काही काम नाही म्हणाला. मी म्हटलं, मला माहीत आहे.

रविवारी अण्णांना फोनवर त्या पटाशीचं सांगितलं. म्हटलं, डिसेंबरात येतो, त्या पट्ट्या काढून बाजेला नवा पाय बसवतो.

अण्णा म्हणाले, "ती परत नको नेऊ. हितं ठिवून जा. घरात एक बी पटाशी न्हाई रं. काम कसलं करतोय मी, डोळं न्हाईत. पन सकाळी उठलो की हात हत्यार शोधत बसतो."

बरं, म्हणालो. इथली माणसं विचारतात, तुझं घर कुठलं? पूर्वी मी पाथर्डीचं नाव सांगायचो, मग नगर जिल्हा, मग नुसतं इंडिया. आता घर म्हणजे मला सकाळच्या पारी बाजेवर चाचपडणारे ते दोन हात दिसतात. ते आहेत तोवर मला परत जायला जागा आहे. त्यानंतरचं मला सांगता येत नाही.