करड्या पडद्यावरचे काका

मी व्हिडिओंचे रंग सुधारतो. शेजारच्या कुसुमकाकू एकदा काकांच्या निवृत्ती समारंभाचा व्हिडिओ घेऊन आल्या. काका जाऊन वर्ष झालं होतं.

"ट्यूबलाइटमुळे चेहरा हिरवट दिसतोय, तेवढा नीट कर."

मी सॉफ्टवेअरमधल्या नको त्या खिडक्या बंद केल्या, मागचा पडदा करडा केला. त्यानं रंग पारखताना डोळा फसत नाही. काका हसतात तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा चालेल असं सेटिंग लावलं. काका हसत राहिले, मी त्वचेचा रंग बघत राहिलो. या कामात माणूस दिसेनासा होतो.

रंग जमला. थांबवायला हात नेला, तर काकू हळूच म्हणाल्या, "राहू दे रे. घरी एवढे कधी हसले नाहीत."

मी हात मागे घेतला आणि काकांकडे बघितलं.