इच्छापोरच्या सिस्टर आणि माझी मूठ

सुरतेला मी भांडायला गेलो होतो. हे आधीच सांगतो, नाहीतर पुढे पोंक आणि तापीच्या पुलाचं वर्णन वाचून तुम्हाला वाटेल, गडी हौसेने फिरत होता.

मार्था नवापूरच्या कॉलेजात माझ्या वर्गात होती. गेल्या वर्षी कॅन्टीनमध्ये एक जण तिच्याबद्दल काहीबाही बोलला आणि मी त्याचा ओठ फोडला. तिने मला तसं सांगितलं नव्हतं. तोवर ती माझ्याशी उणीपुरी दहा वाक्यं बोलली असेल. पण माझ्या नावाला जोडून तिचं नाव गावभर झालं. पंधरा दिवसांत तिने कॉलेज सोडलं आणि सुरतेकडच्या एका कॉन्व्हेंटात सिस्टर व्हायला निघून गेली. महिन्याभरात मीही कॉलेज सोडलं. ती नसलेल्या वर्गात बसवत नाही, असं सगळ्यांना सांगत फिरलो.

या डिसेंबरात कळलं, की तिला पांढरं शिरोवस्त्र मिळालं. आई भाकरी थापता थापता म्हणाली, "पांढरं नेसायचं, डोकं झाकायचं. आपल्यात असं कोण राहतं ते तुला माहीत आहे." माहीत होतं. वडिलांची आत्या तशी राहायची, केस काढलेली, सणावाराला मागच्या खोलीत बसलेली. तेव्हापासून माझं जेवण तुटलं. माझ्या एका बुक्कीने एक मुलगी जिवंतपणी विधवा झाली, हेच डोक्यात फिरत राहिलं.

आधी तिच्या वडिलांकडे गेलो. जोसेफकाका रेल्वेत गँगमन आहेत. मी दारातच आवाज चढवला, पोरीला असं कोंडून कसं दिलंत म्हणून. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, आतून नागलीच्या पापडांचं गाठोडं आणलं आणि सिस्टरांच्या नावे चार ओळींची चिठ्ठी लिहिली. म्हणाले, जातोच आहेस तर हे दे, रविवारी भेटू देतात. भांडायला गेलेल्याच्या हातात पापड आले, की त्याचा निम्मा जोर तिथेच संपतो.

शनिवारी सकाळची पॅसेंजर धरली. तुम्ही जाणार असाल तर पॅसेंजरनेच जा. तिकीट स्वस्त, आणि गाडी इतकी रमत जाते की प्रत्येक स्टेशनवर उतरून पाय मोकळे करता येतात. सोनगडपर्यंत सागाचं जंगल, व्यारानंतर उसाची शेतं, आणि बारडोलीच्या आधीपासून साखर कारखान्याच्या मळीचा वास डब्यात शिरतो, तो पुढे दोन स्टेशनं सोबत येतो. मी गाठोडं मांडीवर घेऊन खिडकीशी बसलो होतो आणि मनातल्या मनात भाषण तयार करत होतो. पापड मोडतील म्हणून हातवारे मात्र करता येत नव्हते.

उधन्याला उतरून शटल रिक्षाने पर्वत पाटिया. रिक्षात चौघं मागे, दोघं ड्रायव्हरच्या बाजूला. तिथे माझा मावसभाऊ भटूदादा एका साड्यांच्या गोदामात घड्या घालून पॅकिंग करतो. तीन वर्षांत त्याची बोली अर्धी गुजराती झाली आहे, पण मला बघताच थेट अहिराणीवर आला: "भो, तू लढाले उना का भेटाले उना?" मी म्हणालो, भांडायला आलो की भेटायला, ते तिथे गेल्यावर ठरेल. त्याने मला खमण खाऊ घातलं, स्वतःचा इस्त्रीचा शर्ट दिला आणि बजावलं, की बायांच्या आश्रमात हात उगारलास तर मावशीला मी तोंड दाखवणार नाही.

रविवारी सुरत स्टेशनसमोरून हजीरा रोडची बस मिळाली. तापीचा पूल ओलांडला की अडाजणकडे रस्त्याकडेला पोंकवाले बसतात. हा ज्वारीचा हुरडाच, आपल्यासारखाच, पण हे लोक त्यात शेव आणि तिखट चटणी घालतात. थंडीतच मिळतो. मी येताना खाल्ला, कारण जाताना घशाखाली काही उतरलं नसतं. पुढे इच्छापोरला कारखान्यांची पत्र्याची छपरं सुरू होतात. तिथून आत पाच मिनिटं चाललं की सिस्टरांचा दवाखाना, आणि त्याच्या मागे त्यांचं घर.

फाटक उघडंच होतं. धक्का मारून आत शिरायची माझी सगळी तयारी वाया गेली.

थोरल्या सिस्टर वसईच्या निघाल्या, मराठी आपल्यापेक्षा चांगलं. त्या ओसरीत टेबलावर कपड्यांना इस्त्री करत होत्या. चिठ्ठी वाचून त्यांनी मला बसवलं, चहा दिला आणि मार्थाला हाक मारली.

ती आली. पांढरी साडी, डोक्यावर दोन चापांनी लावलेलं पांढरं वस्त्र, एका बाजूला कललेलं. गाडीत घोकलेलं भाषण विसरून मी पहिलं वाक्य बोललो ते असं: "केस आहेत का तुला?"

मार्था हसायला लागली, कॉलेजात मैत्रिणींत हसायची तशी, तोंडावर हात न ठेवता. सिस्टरांकडे एकदा बघून तिने चाप काढला आणि वस्त्र मागे सारलं. मानेपर्यंतचे केस होते. लांब वेणी तिने स्वतःच कापली होती, कारण इथे उकडतं आणि पाणी सकाळी दोनच तास येतं. मला एकदम पाणी प्यावंसं वाटलं.

मग मी आईचं म्हणणं सांगितलं, आत्याचंही. तिने ते हसण्यावारी नेलं नाही. म्हणाली, "तुमच्यात ते नवरा गेल्याचं. आमच्यात हे लग्न ठरल्याचं. नवरीच्या डोक्यावर असतं तेच समज."

मला ते सहज पटेना. चर्चमध्ये कधीतरी ऐकलेली एक गोष्ट मी पुढे केली: प्रभू वधस्तंभावर मरण पावला तेव्हा मंदिरातला पडदा वरून खालपर्यंत फाटला असं तुम्हीच सांगता. पडदा गेला, तर बायकांच्या डोक्यावर पुन्हा कापड कशाला? इस्त्री थांबली. सिस्टरांनी समोरचा एक छोटा चौकोनी रुमाल उचलून दाखवला. वेदीवरचा पेला याने झाकतात, म्हणाल्या. पेल्यात लपवण्यासारखं काही नसतं, पण तो पाणी प्यायचा गिलास नाही, हे कळावं म्हणून. झाकलं म्हणजे कोंडलं, असा हिशेब त्यांच्याकडे नाही.

मार्था मात्र साधं बोलली. "तो पडदा माणसांना बाहेर ठेवायचा. याचं उलट होतं. सकाळी प्रार्थना म्हणत हे डोक्यावर घेते, म्हणजे आज मी माझी नाही, देवाची. मग बाहेर पडले की कारखान्यातल्या कामगारांच्या बायका रस्त्यात थांबवतात. पोराला ताप आहे, सासूचा पाय सुजलाय. माझं नावही त्यांना ठाऊक नसतं. डोक्यावर हे दिसतं, म्हणून हाक मारतात. कॉलेजात ओढणी घ्यायचे ती कुणी बघू नये म्हणून. हे घेते ते कुणालाही दिसावं म्हणून."

आता विचारायचं ते एकच उरलं होतं. गाठोड्याची गाठ सोडत, तिच्याकडे न बघता विचारलं, "माझ्यामुळे आलीस का इथे?"

"नाही," ती म्हणाली. "तू मारामारी केलीस तेव्हा माझा अर्ज इथे येऊन तीन महिने झाले होते."

खांद्यावरची पोती उतरवून ठेवल्यावर हमालाला क्षणभर तोल सांभाळता येत नाही, तसं माझं झालं. आणि खरं सांगायचं तर बारीकशी कळही आली. तिच्या आयुष्यातल्या एवढ्या मोठ्या निर्णयात मी वाईट कारण म्हणूनसुद्धा नव्हतो.

"तुझी भीती वाटली होती, तेही खरं," ती पुढे म्हणाली. "त्या मुलाच्या शर्टावर रक्त होतं, आणि सगळे माझ्याकडे बघत होते. आणि कॉलेज तू सोडलंस, ते माझ्या नावावर घालू नकोस. मी इथे रोज तुझ्यासाठी प्रार्थना करते, पण ते ओझं घेणार नाही."

मी माफी मागितली. कशी मागितली ते इथे लिहीत नाही. जाताना सिस्टर सहज म्हणाल्या, की अजून व्रतं घेतलेली नाहीत, नको वाटलं तर मार्था उद्याही घरी जाऊ शकते. मी मार्थाकडे पाहिलं. ती चाप दातांत धरून वस्त्र नीट करत होती, आणि तिला आमच्या बोलण्याकडे लक्ष द्यावंसंही वाटलं नव्हतं. ती परत यायची नाही, ते त्यावरून मला कळलं.

येतानाच्या गाडीत व्याराच्या आधीच झोप लागली. नवापूरला शेजारच्याने हलवून उठवलं.

घरी येऊन आठ दिवस झाले. ती आठवते. ते संपलं असं म्हणणार नाही, खोटं होईल. पण आता आठवते तेव्हा हसताना दिसते आणि मी जेवून उठतो. आईला सगळं सांगितलं, तिला निम्मं पटलं. ओठ फोडला होता त्या मुलाच्या दुकानावरून दोनदा गेलो, आत शिरायचं धाडस अजून झालेलं नाही. तेवढं एक बाकी आहे, आणि ते माझ्याच नावावर आहे.

पण पहिल्यांदा गेलो तो जोसेफकाकांकडे, स्टेशनवरून थेट. ते क्वार्टरबाहेर बूट साफ करत होते. मी सांगायला लागलो: दवाखाना, पांढरी साडी, नवरीचं वस्त्र, पेल्यावरचा रुमाल. ते बुटाकडेच बघत होते. मग त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"हसली का?"

"हसली काका. माझ्यावरच."

"मग बरी आहे," ते म्हणाले आणि आत बघून त्यांनी काकूंना दोन चहा टाकायला सांगितलं.